आपल्या गाडीचा आवाज

आपल्या वस्त्यांतून आता चारचाकी गाड्या दिसू लागल्या आहेत. कुणाची टुरिस्टची, कुणाची कंपनीच्या पाळीवर माणसे ने-आण करणारी, कुणाची हप्त्यावर घेतलेली घरची लहान गाडी, तर कुणाची आमच्यासारखी जुन्या बाजारातली. मागच्या काचेवर निळ्या अक्षरांत 'जयभीम' असते, समोर लहानशी बुद्धमूर्ती असते. ही आनंदाची गोष्ट आहे आणि ती सांगायला आपण लाजू नये. परंतु गाडी आली की तिच्याबरोबर तिचा आवाजही वस्तीत येतो. त्या आवाजाविषयी आपल्या घरांतून फारसे बोलणे होत नाही. ते व्हावे म्हणून हा लेख.

वाहन ही आपल्यासाठी कधीच साधी वस्तू नव्हती. १९०१ साली लहानगा भीमराव आपल्या भावंडांबरोबर वडिलांना भेटायला साताऱ्याहून गोरेगावला निघाला. मसूर स्टेशनवर ही मुले उतरली. चांगले कपडे पाहून स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली, पण जात कळताच त्याचा चेहरा पालटला. एकही गाडीवान त्यांना बैलगाडीत घ्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एक जण कबूल झाला, तेही गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर! पुढे १९२९ साली बाबासाहेब बॅरिस्टर होऊन, सरकारी समितीचे सभासद म्हणून चाळीसगावला गेले, तरी टांगेवाल्यांनी त्यांना नेण्यास नकार दिला. मग आपल्याच माणसांपैकी एकाने, ज्याला टांगा हाकायची सवय नव्हती, लगाम हाती घेतला. मोरीवर अपघात झाला, बाबासाहेब खाली फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. हे दोन्ही प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहेत. ज्या समाजाला भाडे मोजूनही वाहन मिळत नव्हते, त्या समाजाच्या दारात आज स्वतःचे वाहन उभे राहते. त्या वाहनाला पुसताना आपला हात जरा जास्त वेळ फिरतो, तो यामुळेच.

छातीत ढोल

आमचे आपटा गाव पाताळगंगेच्या काठचे, पनवेल तालुक्यातले. इथले रेल्वे स्टेशन चित्रपटांच्या शूटिंगमुळे साऱ्या देशाने पाहिले आहे. पडद्यावर तिथे नायिका धावत गाडी पकडते. प्रत्यक्षात रोहा-पनवेलच्या पॅसेंजर गाड्या दिवसातून मोजक्याच, आणि त्यांची वेळ कामाच्या वेळेशी जुळली तर नशीब. माझी नोकरी पनवेलला, कारकुनाची. आईला महिन्यातून दोनदा दवाखान्यात न्यावे लागते. शिवाय चळवळीचे काम. कधी कुणाकडे पुण्यानुमोदन, कधी धम्म परिषदेची तयारी, कधी कुणाला जात पडताळणीच्या कागदांसाठी अलिबागला न्यायचे. म्हणून एक जुनी लहान गाडी घेतली. तीन सिलिंडरची, एक हजार सीसीच्या आतबाहेरची, पेट्रोलवर चालणारी.

इंजिन चांगले होते, टायर चांगले होते, कागदपत्रे चोख होती. परंतु आधीच्या मालकाने हौसेने तिचा मूळचा सायलेन्सर काढून मागे एक जाड, चकचकीत नळकांडे बसवले होते. मधला डबाही कापून तिथे सरळ पाइप वेल्डिंग केला होता. गाडी सुरू केली की दोन घरे पलीकडचे कुत्रे उठून उभे राहायचे. साठ-सत्तरच्या वेगाला गाडीच्या आत असा काही घूं-घूं आवाज भरायचा की मागे बसलेल्या माणसाशी बोलायचे तर ओरडावे लागे. आई म्हणायची, "बाळा, या गाडीत बसले की छातीत ढोल वाजतो. दवाखाना नको, पण गाडी आवर."

गाडी घेऊन पंधरवडा झाला असेल. वर्षावास चालू होता. आपल्याकडे आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने विहारात संध्याकाळी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते, तसे आमच्याही विहारात चालले होते. वाचायला एक ताई बसल्या होत्या. चौथीपर्यंत शिकलेल्या, पण बोट ठेवून, एकेक शब्द नीट उच्चारून वाचणाऱ्या. त्या वेळी भाचा गाडी घेऊन पेट्रोल भरायला निघाला. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना पत्र्याची घरे. आवाज असा दणाणला की ताई थांबल्या. गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत त्यांनी ओळीवरचे बोट तसेच धरून ठेवले. मग पुढचा शब्द वाचला. कुणी काही बोलले नाही. पण तीस-चाळीस माणसांचे ऐकणे एका नळकांड्याने थांबवले होते. त्याच रात्री मी ठरवले की या गाडीचा आवाज बदलायचा.

भाच्याचा सवाल

भाचा एकोणीस वर्षांचा. मी त्याला हे सांगितले तेव्हा तो उसळला. म्हणाला, "मामा, आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या पाय न वाजवता चालली. वरच्या आळीत बुलेट फटफटतात, मिरवणुकीत डीजे लागतात, त्यांना कोण बोलतो? आपली एक गाडी जरा आवाज करते तर लगेच गप्प बसवायचे? आवाज झालाच पाहिजे. कळू दे सगळ्यांना की आपण आलो."

त्याचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. त्याच्या बोलण्यामागे जी जखम आहे ती खरी आहे. आमच्या आजोबा-पणजोबांच्या हातात घुंगरांची काठी होती. ती वाजली की रस्त्यावरच्यांनी समजायचे की महार आला, आता बाजूला व्हा, सावली पडेल. त्याहीपूर्वी पेशवाईत गळ्यात मडके आणि कमरेला झाडू. ज्यांना असे चालावे लागले, त्यांच्या नातवाला आता दणक्यात चालावेसे वाटले तर नवल काय?

मी त्याला म्हटले, "बाळा, एक गोष्ट मोजून बघू. हा आवाज कुणाला ऐकू जातो?" आम्ही दोघे गल्लीत उभे राहिलो आणि घरे मोजली. समोर एक दादा राहतात. पाताळगंगेच्या एका कंपनीत कंत्राटी कामगार. रात्रपाळी करून सकाळी सातला येतात आणि दुपारपर्यंत झोपतात. त्यांच्या शेजारी दहावीची मुलगी, जिला अभ्यासाला स्वतंत्र खोली नाही. पुढे नुकतीच बाळंत झालेली सून. कोपऱ्यावर हृदयाचे ऑपरेशन झालेले काका. मग विहार, आणि विहाराच्या मागे मुलांची अभ्यासिका. वरची आळी कुठे? नाल्यापलीकडे, तीन-चारशे पावलांवर. तिथपर्यंत आपल्या गाडीचा आवाज पोचेस्तोवर तो उरतो किती? ज्यांना ऐकवायचे त्यांच्या कानी तो जात नाही. जातो तो आपल्याच माणसांच्या झोपेवर आणि अभ्यासावर.

दुसरी गोष्ट मी त्याला सांगितली ती अशी. घुंगरांची काठी वाजायची ती दुसऱ्याच्या कानांसाठी. आजही आपण आपली गाडी दुसऱ्याच्या कानांसाठीच वाजवत असू, तर काठी बदलली, पण कान त्यांचेच राहिले. बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढला. मुक्यांचा आवाज त्या छापील कागदातून देशभर गेला. आवाज कशाचा असावा, हे आपल्याला त्यांनी तेव्हाच दाखवून दिले आहे.

भाचा लगेच पटला असे नाही. पण तो म्हणाला, "मग मुकी गाडी नको. चांगला आवाज येईल असे करा." मला हे पटले. भगवान बुद्धांनी सोण नावाच्या भिक्खूला वीणेचे उदाहरण दिले होते. सोण पूर्वी वीणा वाजवत असे. तार फार ताणली तर वीणा नीट वाजत नाही आणि फार सैल ठेवली तरी वाजत नाही. तार बेताची ताणली म्हणजे सूर लागतो. गाडीलाही सूर असतो. तो शोधायचे आम्ही ठरवले.

आवाज येतो कुठून?

पनवेलमध्ये एक जुने मेकॅनिक आहेत. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांच्याकडे मी आणि भाचा तीन रविवार गेलो. त्यांनी जे सांगितले आणि आम्ही जे पाहिले, ते आपल्या ड्रायव्हर बांधवांनाही उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितो.

इंजिनात पेट्रोल आणि हवा पेटते तेव्हा प्रत्येक वेळी एक लहान स्फोट होतो. तीन सिलिंडरच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना तीन स्फोट. इंजिन मिनिटाला अडीच हजार फेरे घेत असेल तर सेकंदाला बासष्टच्या वर स्फोट झाले. चार सिलिंडरच्या गाडीत तेवढ्याच फेऱ्यांना ते त्र्याऐंशी होतात. म्हणून तीन सिलिंडरच्या लहान गाडीचा आवाज मुळातच खालच्या पट्टीतला, घुमणारा असतो. नेमक्या त्या पट्टीला गाडीचा पत्रा आणि आतली हवाही थरथरू लागली की साठ-सत्तरच्या वेगाला कान बधिर करणारी ती घूं-घूं सुरू होते. वेग थोडा कमी-जास्त केला की ती ओसरते. आमच्या गाडीचे नेमके असेच होते.

हा आवाज कमी करण्यासाठी कंपनी पाइपावर दोन डबे बसवते. एक मध्ये आणि एक मागे. त्यांच्या आत कप्पे, छिद्रांच्या नळ्या आणि काही ठिकाणी काचेची लोकर असते. लोकर बारीक, किरकिरा आवाज शोषते. जाड, घुमणारा आवाज मात्र लोकरीला दाद देत नाही. त्याला मोकळी जागा आणि कप्पे लागतात. उस्तादांनी भाच्याला हे फार छान समजावले. ते म्हणाले, "रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकर मारलीस तर एकच सूर निघतो ना? मधला डबा म्हणजे तशी घागर. गाडीचा जो सूर त्रास देतो, त्याच सुराची घागर कंपनीने मोजून लावलेली असते. ती घागर तो सूर स्वतःत अडवते. तुमच्या आधीच्या मालकाने घागरच कापून टाकली."

मागचे जाड नळकांडे म्हणजे आत सरळ छिद्रांची नळी आणि भोवती थोडी लोकर. किरकिर थोडी अडते, ढोल तसाच बाहेर. वर लोकांचा समज असा की जाड पाइपाने गाडीला ताकद येते. एक हजार सीसीच्या घरगुती गाडीला असे पाइप बदलून जाणवण्यासारखी ताकद येत नाही. इंजिनात दुसरे काही न बदलता केवळ मागचे तोंड मोठे केल्याने आवाजच तेवढा मोठा होतो.

गॅरेजमधले काम

पहिल्या रविवारी उस्तादांनी काहीच बदलले नाही. फक्त ऐकले. गाडी थंड असताना सुरू केली, भाच्याला मागे बसवून पाइपाच्या तोंडावर जाड फडके क्षणभर दाबायला लावले आणि स्वतः खाली वाकून कान दिला. धूर बाहेर जायला वाट नसली की जिथे फट असेल तिथून 'फुस्स' असा आवाज येतो. दोन जोडांवर तो आला. तिथे काजळीचे काळे डागही होते. गॅसकेट जळाले होते.

मग त्यांनी डिकीतली चटई उचलली. खालच्या पत्र्यातल्या एका भोकाचे रबरी बूच गायब होते. फुटलेला जोड आणि उघडे भोक, दोन्ही जवळजवळ. उस्तादांचा चेहरा गंभीर झाला. ते म्हणाले, "आवाजाचे नंतर बघू. आधी हे." पेट्रोलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात शिरला की रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते. डोके जड होते, मळमळते, झोप येते, आणि प्रमाण वाढले तर माणूस त्या झोपेतून उठत नाही. आई पनवेलहून परतताना नेहमी म्हणायची की डोके जड झाले. आम्ही म्हणायचो, वय झाले, रक्तदाब आहे. ते डोके कशाने जड होत होते हे मी डॉक्टर नसल्यामुळे सांगू शकत नाही. पण मागच्या सीटवर पोरे झोपवून रात्री लग्नाहून परतणारी कुटुंबे आपल्यात किती आहेत, हे मला ठाऊक आहे. मोठ्या आवाजाची गाडी म्हणजे पुष्कळदा फुटलेल्या पाइपाची गाडी असते. आवाज हा तिथे हौसेचा भाग नसून धोक्याची घंटा असते.

दुसऱ्या रविवारी जोड दुरुस्त झाले, नवे गॅसकेट पडले, बूच बसले. सरळ पाइप कापून कंपनीच्या मापाचा मधला डबा लावला. मागचे नळकांडे उतरवून मूळ नमुन्याचा सायलेन्सर बसवला. पाइप ज्या रबरांवर टांगलेला असतो ती चारही रबरे वाळून फुटली होती, तीही बदलली. रबर कडक झाले की पाइपाची थरथर सरळ गाडीच्या पत्र्यात शिरते, आणि आपण मात्र सायलेन्सरला दोष देत बसतो.

तिसऱ्या रविवारी राहिलेली खुडबुड. चढावर येणारा 'किर्र' आवाज पाइपावरच्या पत्र्याच्या झाकणाचा निघाला. तो लोखंडी क्लिपने आवळला. तीन सिलिंडरचे इंजिन मुळात जरा जास्त थरथरते, म्हणून ज्या रबरी माउंटिंगवर ते बसते त्यांपैकी बसकण मारलेले एक बदलले. शेवटी डिकीच्या पत्र्यावर डांबरी थराचे चिकट पत्रे आतून चिकटवले. पातळ पत्र्यावर हाताने टकटक केली तर तो पिंपासारखा वाजतो. असा थर दिला की ठप्प असा मेलेला आवाज येतो. घूं-घूं मधला उरलासुरला भाग याने गेला.

एक गोष्ट भाच्याने टिपली. नव्या सायलेन्सरच्या तळाला बारीक भोक होते. त्याला वाटले माल खराब निघाला, वेल्डिंग करून घेऊ. उस्ताद हसले. एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. गाडी लांब पल्ल्याची चालली तर ते उडून जाते. जवळच्या जवळ फिरली तर थंड डब्यात साठते आणि आतून गंज धरते. ते गळून जावे म्हणून कंपनीच ते भोक ठेवते. आमच्या कोकणात चार महिने बाहेरून पाऊस, आणि आतून हे पाणी. सायलेन्सर सडतो तो असा. म्हणून पंधरा दिवसांतून एकदा तरी गाडी चांगली अर्धा-पाऊण तास सलग चालवावी.

मी हिशेबाचा माणूस, म्हणून खर्चही सांगतो. डबा, सायलेन्सर, गॅसकेट, रबरे, माउंटिंग, डांबरी पत्रे आणि मजुरी मिळून साडेसात हजारांच्या आत काम झाले. आधीच्या मालकाने ते चकचकीत नळकांडे याहून जास्त पैसे देऊन बसवले होते, असे उस्तादांच्या ओळखीतून कळले. म्हणजे गोंगाटही फुकट मिळत नाही.

मोबाइलवर आवाज मोजायची सोय असते. ती तंतोतंत नसते. पण मोबाइल तोच, रस्ता तोच, वेग तोच ठेवला तर आधीचा आणि नंतरचा फरक कळतो. आमच्या गाडीत सत्तरच्या वेगाला आधी ऐंशी डेसिबलच्या आसपास आकडा यायचा, नंतर बहात्तर आला. आठच कमी झाले असे वाटेल. पण दहा डेसिबल कमी झाले की कानाला आवाज निम्मा वाटतो, असे याचे गणित आहे. आता गाडीला एक खालच्या सुरातला, गोल, भरीव हुंकार आहे. भाचा म्हणाला, "मामा, आधी ती ओरडत होती. आता बोलते." आणि आई पळस्पे फाट्याच्या आधीच झोपते. मी वळून एकदा तिच्या श्वासाकडे बघतो आणि निश्चिंत होतो.

कायदा काय म्हणतो?

ज्या बाबासाहेबांनी आपल्याला संविधान दिले, त्यांच्या अनुयायांना कायदा ठाऊक असला पाहिजे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे प्रत्येक गाडीला आवाज शक्य तेवढा कमी करणारा सायलेन्सर असणे सक्तीचे आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाज आणि धुराच्या मर्यादा मोडणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिन्यांसाठी लायसन्स अपात्र, अशी तरतूद आहे. ज्याचे पोट लायसन्सवर आहे त्या ड्रायव्हर बांधवाने हे विसरू नये. मुंबई, पुणे, नागपूरच्या पोलिसांनी असे फटाके फोडणारे सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली चिरडले, ते आपण दूरदर्शनवर पाहिले आहे.

म्हणूनच आम्ही 'वेगळा' सायलेन्सर शोधला नाही. मूळ नमुन्याचाच घेतला आणि सूर जमवला तो जोड, रबरे, माउंटिंग आणि पत्रा नीट करून. काही ठिकाणी धूर शुद्ध करणारा जाळीचा डबा, ज्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात, काढून टाकण्याचा सल्ला मिळतो. एका दुकानात आम्हालाही मिळाला. तो डबा मौल्यवान धातूंचा असतो, त्यामुळे सल्ला देणाऱ्याचा त्यात फायदा असतो. आपल्या वाट्याला येतो तो विषारी धूर आणि पीयूसीत नापास.

आवाजाचेही कायद्याने माप आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. हे माप श्रीमंतांच्या सोसायट्यांसाठी वेगळे आणि आपल्या वस्तीसाठी वेगळे नाही. शांत झोप हा रात्रपाळीच्या मजुराचाही हक्क आहे. परंतु दुसऱ्याच्या डीजेविरुद्ध तक्रार करायची असेल तर आपली गाडी आणि आपली १४ एप्रिलची मिरवणूक या मापात बसली पाहिजे. तेव्हाच आपल्या तक्रारीला वजन येते. भाच्याच्या 'त्यांना कोण बोलतो?' या सवालाचे माझ्यापुरते उत्तर हे आहे की आपण बोलायचे, कायद्याचे पुस्तक हातात घेऊन बोलायचे, आणि त्यासाठी आधी आपले घर नीट ठेवायचे.

महाडच्या वाटेवर

यंदा २० मार्चला आम्ही याच गाडीने महाडला गेलो. आई, बहीण, भाचा आणि वाचन करणाऱ्या त्या ताई. कर्नाळ्याच्या अभयारण्यातून जाताना काचा उघड्या ठेवल्या होत्या. पाखरांचा आवाज आत येत होता. ताई म्हणाल्या, इतक्या वर्षांत एसटीने इथून जाताना कधी पाखरे ऐकली नव्हती. पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव अशी वाट मागे पडत गेली. लोणेरेला बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ आले तेव्हा भाच्याने वेग कमी करून फाटकाकडे नीट पाहिले. वाटेत आईने चवदार तळ्याची हकिकत सांगितली. १९२७ साली आपल्या गावाकडून कोण कोण चालत गेले होते, ते तिने तिच्या सासऱ्यांकडून ऐकले होते. पुढच्या सीटवरून ती बोलत होती आणि मागच्या सीटवर सगळ्यांना शब्दन्‌शब्द ऐकू येत होता. जुन्या नळकांड्याच्या गाडीत ही हकिकत कुणाला ऐकू आली नसती, आणि भाच्याने ती कदाचित कधीच ऐकली नसती.

भाच्याने आता आयटीआयला अर्ज केला आहे. मेकॅनिक मोटर व्हेईकल हा दोन वर्षांचा ट्रेड, दहावी पास मुलाला मिळतो. उस्तादांनी सुट्टीत गॅरेजवर येण्यास सांगितले आहे. गाडीचा दणका आवडणारी पोरे आपल्या वस्तीत पुष्कळ आहेत. त्यांच्यावर ओरडून उपयोग नाही. त्यांचा कान गाडीकडे लागलेला आहे, हीच त्यांची जमेची बाजू समजावी. त्यांना एकदा गॅरेजमध्ये नेऊन गाडीखाली वाकायला लावावे, कोणता आवाज कशाचा हे शिकू द्यावे. आवाज ऐकून दुखणे ओळखणाऱ्या मेकॅनिकला आजही मान आहे आणि कामही आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, या रविवारी एवढे करा. आपली गाडी थंड असताना सुरू करा आणि पाच मिनिटे नुसते ऐका. फुस्स आवाज येतो का, जोडावर काजळी आहे का, पाइपाची रबरे फुटली आहेत का, डिकीच्या पत्र्याला उघडे भोक आहे का, ते पाहा. मागे पोरे बसत असतील तर हे काम पुढच्या पगारावर ढकलू नका. आणि पहाटे पाळीवर गाडी काढताना गल्लीच्या तोंडापर्यंत ती हळू न्या. समोरच्या घरात कुणीतरी नुकतेच पाळीवरून येऊन झोपलेले असते.

जयभीम!